जवळची शाळा

(नव्या वसाहतींत राहावयास आलेल्या पालकांच्या मेळाव्यातील व्याख्यानाचे शब्दांकन)



गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत मुंबईतील मराठी कुटुंबांच्या वाट्याला जितके स्थलांतर आले, तितके त्यांच्या आधीच्या पिढीने क्वचितच पाहिले असेल. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि लालबाग-परळच्या चाळींतून माणसे हळूहळू बाहेर पडू लागली. पुढे चाळींच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या आणि उरलेली कुटुंबेही डोंबिवली, कल्याण, अंबरनाथ, बदलापूर किंवा वसई-विरारकडे निघाली. पुण्याभोवती चाकण, हिंजवडी, वाघोली या गावांची उपनगरे झाली; तेथे मराठवाडा, विदर्भ आणि खानदेशातून आलेली तरुण कुटुंबे राहू लागली. घर बदलणे ही आता अपवादाची नव्हे, तर नेहमीची गोष्ट झाली आहे.

लालबागच्या चाळीतून बदलापूरच्या नव्या इमारतीत आलेले एखादे कुटुंब डोळ्यांपुढे आणावे. मुंबईपासून रेल्वेने सुमारे ६८ किलोमीटर. घरकर्ता पहाटे निघतो आणि रात्री परततो. पहिल्या आठवड्यात गॅसची जोडणी होते, दूधवाला ठरतो, किराणा दुकान सापडते. उरतो तो एकच मोठा प्रश्न : मुलीला कोणत्या शाळेत घालावे? मजल्यावरची शेजारीण अद्याप ओळखीची नाही. सल्ला देणारे दोघेच. एक, घर दाखविणारा दलाल आणि दुसरा, रेल्वे स्थानकाबाहेर लावलेला भला मोठा फलक. त्यावर टाय लावलेली हसरी मुले, त्यांच्या मागे काचेची इमारत आणि 'प्रवेश सुरू' ही अक्षरे.

चाळीत हा प्रश्न कुणाला पडलाच नव्हता. खालच्या मजल्यावरची मोठी मुलगी ज्या शाळेत जात असे, त्याच शाळेत तिच्या बोटाला धरून धाकटी जात असे. आईला शाळेतील बाई ठाऊक असत आणि बाईंना मुलीची आजीही ठाऊक असे. शाळेची निवड शेजार करीत असे. स्थलांतराने प्रथम हिरावून घेतला तो हा शेजार आणि त्यामुळे जी निवड पूर्वी समाज करीत होता, ती आज एकट्या आईबापांच्या माथी आली आहे. ती कशी करावी हे त्यांना कुणी शिकविलेले नाही. म्हणूनच या विषयाचा विचार केवळ 'प्रवेशाची माहिती' म्हणून न करता कुटुंब प्रबोधनाचा विषय म्हणून करणे अगत्याचे आहे.

प्रश्नच चुकतो

नव्या गावात आलेला पालक विचारतो, "इथली सर्वांत चांगली शाळा कोणती?" प्रश्न स्वाभाविक आहे, पण त्याचे उत्तर नेहमी तीनच गोष्टींवरून दिले जाते : शुल्क किती, इमारत केवढी आणि दहावीचा निकाल किती टक्के. या तिन्ही गोष्टींत त्या विशिष्ट मुलाचा विचार कोठेच नाही. जो निकाल दहावीचा आहे, तो नऊ वर्षांपूर्वी वेगळ्याच शिक्षकांनी घडविलेल्या मुलांचा आहे. इमारत मुलाला शिकवीत नाही. आणि अधिक शुल्क म्हणजे अधिक चांगले शिक्षण हे समीकरण बाजाराचे आहे, विद्येचे नव्हे.

आपल्या परंपरेत विद्यारंभाच्या संस्काराला 'उपनयन' असा शब्द आहे. उपनयन म्हणजे जवळ नेणे, मुलाला गुरूच्या जवळ नेऊन पोहोचविणे. त्या संस्काराचे सामाजिक क्षेत्र पुढे संकुचित झाले, हे मान्य करूनही शब्दातील मर्म आजही तितकेच खरे आहे. शिक्षणाची पहिली अट सामीप्य ही आहे. तेव्हा स्थलांतरित कुटुंबाने विचारावयाचा प्रश्न "मोठी शाळा कोणती?" असा नसून "आमच्या मुलाला जवळची शाळा कोणती?" असा आहे. हे सामीप्य तीन प्रकारचे आहे : घराशी, भाषेशी आणि समाजाशी.

घराच्या जवळ

पहिले सामीप्य अगदी साधे, पायांनी मोजावयाचे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला आणि त्याखालील महाराष्ट्राच्या नियमांनी पहिली ते पाचवीसाठी घरापासून एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर अशी शाळेच्या अंतराची मर्यादा धरली. हा नियम सरकारवर शाळा उपलब्ध करून देण्याचे बंधन घालतो. परंतु पालकांनीही हीच फूटपट्टी हाती घेण्यास काय हरकत आहे?

हिशेब करून पाहावा. बसने जाण्यास पाऊण तास, येण्यास पाऊण तास, म्हणजे रोजचा दीड तास. कायद्याने प्राथमिक वर्गांसाठी वर्षात किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन सांगितले आहे. दोनशे दिवस रोज दीड तास म्हणजे ३०० तास. वर्षभरात जितका वेळ मूल शिकते, त्याच्या एक तृतीयांशाहून अधिक वेळ ते बसच्या खिडकीशी पेंगत घालविते. हे ३०० तास मैदानाचे होते, आजीच्या गोष्टीचे होते, सायंशाखेचे होते. 'चांगल्या' शाळेची खरी किंमत शुल्काच्या पावतीवर कधीच छापलेली नसते.

तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डीच्या परिसरात १९४५ पासून काम करताना ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्यापुढे हाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहिला होता. वनवासी पाड्यांवरील मुले बालवाडीपर्यंत येत नव्हती. या दोघींनी मुलांना दोष दिला नाही. त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द आज देशभर रूढ आहे. त्याच्या मुळाशी शाळेने मुलाच्या जवळ गेले पाहिजे ही साधी, पण क्रांतिकारक जाणीव आहे. ज्या महाराष्ट्राने हा विचार देशाला दिला, त्याच महाराष्ट्रातील चार वर्षांची मुले पहाटे सहाला झोपेतून उठवून दूरच्या बसमध्ये बसविली जावीत, हा विरोधाभास विचार करावयास लावणारा आहे.

जवळच्या शाळेचा आणखी एक लाभ सुरक्षिततेचा. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत चिमुकल्या मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या घटनेने सारा महाराष्ट्र हादरला. जवळ असण्याने अशा घटना आपोआप टळतात असे नव्हे. ती शाळाही अनेकांच्या घराजवळचीच होती. पण ज्या शाळेत आई दुपारी सहज डोकावू शकते, जेथील मावशी, शिपाई आणि रिक्षाकाका यांना पालक नावाने ओळखतात, तेथे काही बिघडले तर ते लवकर ध्यानात येते. सामीप्याला जागरूकतेची जोड मिळाली, तरच ते रक्षण करते.

भाषेच्या जवळ

दुसरे सामीप्य भाषेचे. येथे स्थलांतरित कुटुंबाची खरी कसोटी लागते. जुन्या वस्तीत जे आजोबा मराठी शाळेचे माजी विद्यार्थी म्हणून अभिमान मिरवीत, तेच नव्या गावात नातवासाठी इंग्रजी माध्यमाचे प्रवेशपत्र आणतात. जागा बदलली की भाषाही बदलून घ्यावी, असा जणू अलिखित करारच झाला आहे.

घरात ज्या भाषेत मूल रुसते, हट्ट करते आणि स्वप्ने सांगते, त्या भाषेत ते प्रश्नही विचारते. पहिलीच्या वर्गात शिक्षकाची भाषाच कळली नाही, तर मूल दोन ओझी एकाच वेळी उचलते : विषय समजून घेण्याचे आणि भाषा ओळखण्याचे. मग ते प्रश्न विचारणे सोडून देते आणि पाठांतराकडे वळते. पालकांना गुण दिसतात, समज दिसत नाही. चौथी-पाचवीत गणिताची शाब्दिक उदाहरणे आली की हा पाया खचलेला असल्याचे ध्यानात येते आणि तेव्हा शिकवणी लावली जाते.

राष्ट्रीय शिक्षण धोरणाने २०२० साली किमान पाचवीपर्यंत आणि शक्यतो आठवी व त्यापुढेही मातृभाषेतून वा घरच्या भाषेतून शिक्षणाचा पुरस्कार केला. २००९ च्या कायद्यातही शक्य तेथवर मातृभाषा हेच माध्यम असावे असे म्हटले आहे. तथापि ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने कर्नाटकच्या प्रकरणात असा निर्णय दिला की, सरकार मातृभाषेचे माध्यम सक्तीने लादू शकत नाही. माध्यमाची निवड पालकांची आहे. याचा अर्थ नीट समजून घ्यावा. मातृभाषेतील शिक्षण टिकवावयाचे की नाही, याचा निकाल विधिमंडळात लागणार नाही. तो घराघरात, जेवणाच्या ताटावर लागणार आहे. एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून तिसऱ्या भाषेच्या शासन निर्णयावरून महाराष्ट्रात मोठे वादंग झाले आणि २९ जून २०२५ रोजी ते निर्णय मागे घेण्याची घोषणा झाली. तिसऱ्या भाषेविषयी समाज इतका जागा झाला, हे ठीकच झाले. पहिल्या भाषेविषयी तो प्रवेशाच्या रांगेत किती जागा असतो, हा प्रश्न मात्र उरतोच.

इंग्रजी यावी की नाही, हा वादच नव्हे. ती उत्तम यावी. राज्यातील अनेक मराठी शाळांत गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकविणाऱ्या सेमी-इंग्रजी तुकड्या आहेत. ज्या पालकांना पुढील तांत्रिक शिक्षणाची चिंता आहे, त्यांनी प्रथम या तुकड्यांची चौकशी करावी. आणि नोकरीच्या बदलीमुळे कुटुंबाला बंगळुरू, हैदराबाद वा परदेशी जावे लागले, तर तेथील शाळेत जे मिळणार नाही ते घराने द्यावे. उत्तर अमेरिकेतील महाराष्ट्र मंडळे सुट्टीच्या दिवशी मराठी शाळा चालवितात; पालकच तेथे शिक्षक होतात. सातासमुद्रापार जे आठवड्यातून एकदा कष्टाने मिळविले जाते, ते बदलापूरला घराशेजारी रोज उपलब्ध असताना नाकारले जावे, याला काय म्हणावे?

खुद्द महाराष्ट्रातील कोणत्याही मंडळाच्या शाळेत मराठी हा विषय शिकविणे २०२० च्या कायद्याने अनिवार्य केले आहे. तेव्हा इंग्रजी माध्यमाची शाळा निवडणाऱ्या पालकांनीही मराठी कोण शिकविते, आठवड्यास किती तासिका आहेत आणि ग्रंथालयात मराठी पुस्तके किती, हे आवर्जून विचारावे. 'मुख्याध्यापक' आणि 'महापौर' यांसारखे शब्द मराठीला देणाऱ्या स्वातंत्र्यवीर सावरकरांचा वारसा सांगणाऱ्या घराने एवढे तरी करावयास हवे.

समाजाच्या जवळ

तिसरे सामीप्य सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत दुर्लक्षित. शाळेच्या वर्गात मुलाशेजारी कोण बसते?

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत एका मुलाचे नाव दाखल झाले. लष्करातून निवृत्त झालेले सुभेदार रामजी सकपाळ यांचे कुटुंब महू, दापोली, सातारा आणि पुढे मुंबई असे गावोगाव फिरत आले होते. म्हणजे आजच्या भाषेत ते स्थलांतरितच. तो मुलगा भीमराव. साताऱ्याच्या शाळेत त्याला इतर मुलांपासून वेगळे, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे. पुढे मुंबईत त्याला चर्नी रोडच्या बागेत वाचत बसलेला पाहून आपुलकीने चौकशी करणारे कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजी भेटले; तो मॅट्रिक झाल्यावर त्यांनी आपले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. एकाच मुलाच्या आयुष्यात शिक्षणव्यवस्थेने केलेला अपमानही आला आणि एका शिक्षकाने दिलेला जिव्हाळाही आला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शाळाप्रवेशाचा तो दिवस महाराष्ट्रात आज विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. शाळेत कोण कोणाजवळ बसते, हा राष्ट्राच्या भवितव्याचा प्रश्न असतो, हे त्या गोणपाटाने शिकविले आहे. रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत सावरकरांनी शाळांमधून सर्व जातींची मुले सरमिसळ बसावीत यासाठी जी मोहीम चालविली, तिचेही मर्म हेच होते.

आज गोणपाट नाही. पण शुल्काची भिंत आहे. एकाच इमारतीत राहणारी मुले सकाळी चार वेगवेगळ्या बसमध्ये चढतात. वॉचमनचा मुलगा पाचव्या दिशेला पायी जातो. संध्याकाळी ही मुले एकत्र खेळत नाहीत, कारण त्यांची ओळखच नसते. समरसतेवर व्याख्याने होतात आणि वर्गवारी प्रवेशपत्रावरच होऊन जाते. जवळच्या शाळेत मात्र अभियंत्याची मुलगी आणि भाजीवाल्याची मुलगी एका बाकावर बसतात, एकमेकींच्या डब्यातले खातात. समरसतेचा एवढा सोपा पाठ दुसरा नाही.

खासगी विनाअनुदानित शाळांत दुर्बल व वंचित घटकांसाठी २५ टक्के जागा ठेवण्याची तरतूद २००९ च्या कायद्यात आहे. ६ मे २०१४ च्याच दुसऱ्या एका निकालाने अल्पसंख्याक संस्थांना त्या कायद्यातून वगळण्यात आले. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच एका खंडपीठाने त्या निकालाविषयी शंका व्यक्त करून प्रकरण सरन्यायाधीशांकडे पाठविले. समाजसेवेचे कर्तव्य काही संस्थांनाच लागू का, हा प्रश्न रास्तच आहे. परंतु या प्रश्नाच्या आडोशाने हिंदू समाजाच्या संस्थांनी स्वतःचे कर्तव्य टाळणे शोभणारे नाही. पालकाने प्रवेशाच्या वेळी आणखी एक गोष्ट पाहावी : या शाळेत २५ टक्क्यांतून आलेली मुले कोणत्या बाकावर बसतात आणि सहलीला इतरांबरोबर जातात की नाही? ज्या शाळेत त्यांची वेगळी तुकडी आहे, तेथे संस्काराच्या कितीही पाट्या लावलेल्या असोत, तेथून पाय मागे घ्यावा.

पाहणी कशी करावी

शाळा पाहावयास जाताना शाळेने नेमून दिलेल्या दिवशी जाऊ नये. त्या दिवशी रांगोळ्या काढलेल्या असतात. शाळा सुटण्याच्या वेळी फाटकापाशी अर्धा तास उभे राहावे. मुले धावत बाहेर येतात की मलूल होऊन येतात? शिक्षक शिपायाशी कसे बोलतात? लहान मुलांना सोडण्याची व्यवस्था कुणाच्या हाती आहे? बाहेर थांबलेल्या चार आयांशी बोलावे. शाळेची खरी माहितीपुस्तिका फाटकाबाहेरच उभी असते.

त्यानंतर काही गोष्टी लेखी पाहून घ्याव्यात. शाळेला शासनमान्यता आहे का आणि तिचा अकरा अंकी यू-डायस क्रमांक कोणता? फलकावर 'सीबीएसई पॅटर्न' असे लिहिले म्हणजे ती शाळा त्या मंडळाशी संलग्न असतेच असे नाही. संलग्नतेचा क्रमांक मागून घ्यावा आणि मंडळाच्या यादीत पडताळून पाहावा. कायद्याच्या परिशिष्टात मैदान, ग्रंथालय, पिण्याचे पाणी आणि मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे आवश्यक मानली आहेत. प्राथमिक वर्गांत ३० विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे प्रमाण सांगितले आहे. एका वर्गात साठ मुले कोंबणारी शाळा वातानुकूलित असली तरी काय उपयोग? सीसीटीव्ही चालू आहे का, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी झाली आहे का, सखी सावित्री समितीत कोण आहे आणि बस असल्यास परिवहन समितीच्या बैठका होतात का, हे संकोच न करता विचारावे. या प्रश्नांनी रागावणारी शाळा टाळावी.

प्रवेशासाठी मुलाची वा पालकांची परीक्षा घेणे आणि देणगी मागणे या दोन्ही गोष्टी कायद्याने निषिद्ध आहेत. देणगी घेतल्यास तिच्या दहापटीपर्यंत दंड होऊ शकतो. निवड परीक्षेसाठी पहिल्या वेळी २५ हजार आणि पुढील प्रत्येक वेळी ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. तरीही पालक पैसे भरतात आणि पावती मागत नाहीत. भ्रष्टाचाराविरुद्ध बोलणाऱ्या घरातील मुलाचा विद्यारंभच बिनपावतीच्या पैशाने व्हावा, हा कोणता संस्कार?

वर्षाच्या मध्येच घर बदलावे लागले तर घाबरून जाऊ नये. आठवीपर्यंतच्या मुलाला शासकीय, पालिका वा अनुदानित शाळेत बदली मागण्याचा हक्क आहे. जुन्या मुख्याध्यापकांनी दाखला तत्काळ द्यावयाचा असतो आणि दाखला येण्यास विलंब झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश अडविता येत नाही. मंडळ बदलणार असेल तर वेळापत्रकाचा विचार करावा. राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्यास आणि विदर्भात जूनअखेरीस उघडतात. केंद्रीय मंडळाच्या शाळांचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते. मे महिन्यात घर बदलणाऱ्यांना हा फरक ठाऊक नसतो आणि मूल दोन महिने मागे पडलेल्या अवस्थेत नव्या वर्गात बसते.

आणि जवळची शाळा चांगली नसेल तर?

हा आक्षेप खरा आहे आणि त्याला बगल देऊन चालणार नाही. घराजवळच्या मराठी शाळेचे छप्पर गळत असेल, दोन वर्गांना मिळून एकच शिक्षक असेल, तर केवळ तत्त्वासाठी मुलाचे नुकसान करावे, असे कुणीही सांगू नये. पोटच्या मुलावर प्रयोग करण्यास घाबरणाऱ्या आईला अस्मितेची दूषणे देणे हा अन्याय आहे.

पण ती शाळा अशी का झाली, हेही पाहावे. शाळेतील शिक्षकांची पदे पटसंख्येवर होणाऱ्या संचमान्यतेने ठरतात. पट घसरला की शिक्षक 'अतिरिक्त' ठरतो आणि दुसरीकडे पाठविला जातो. शिक्षक गेला की उरलेले पालक बिथरतात, पट आणखी घसरतो. एके दिवशी तुकडी बंद होते, मग शाळा. कोणत्याही मराठी शाळेला टाळे एका दिवसात लागलेले नाही. प्रत्येक जून महिन्यात दहा-बारा घरांनी स्वतंत्रपणे घेतलेल्या निर्णयांची ती बेरीज असते. आणि या घरांत राष्ट्र, धर्म आणि भाषा यांविषयी तळमळीने बोलणारी घरेही असतात, हे आत्मपरीक्षण येथे केलेच पाहिजे. सभेत टाळ्या मातृभाषेला आणि प्रवेश अन्यत्र, असे झाले तर समाज भाषण विसरतो आणि प्रवेश लक्षात ठेवतो.

ही बेरीज उलटही करता येते. एकट्या कुटुंबाने पडक्या शाळेत मूल घालणे हे धाडस आहे. एकाच वसाहतीतील दहा कुटुंबांनी मिळून ते करणे ही योजना आहे. शासकीय व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक असावे लागतात आणि समितीत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. दहा जागरूक पालक त्या समितीच्या बैठकांना नियमित जाऊ लागले, तर छपराचा प्रश्न नगरपालिकेत पोहोचतो, ग्रंथालयाच्या कपाटाचे कुलूप निघते आणि रिक्त पदाचा पाठपुरावा होतो. अधिकार कायद्याने दिला आहे. तो वापरणारी माणसे हवीत.

तेवढी तयारी नसेल, तर निदान दुरून शाप देऊ नयेत. मूल दुसऱ्या शाळेत असले तरी शनिवारी सकाळी त्या मराठी शाळेत गोष्ट सांगावयास, विज्ञानाचा प्रयोग दाखवावयास वा मैदानावर खो-खो शिकवावयास जाता येते. शाळा ही संपूर्ण वस्तीची असते. तेथे आपले मूल असण्याची अट नाही.

नव्या मातीत मुळे

गोरखपूरला १९५२ साली पहिले सरस्वती शिशु मंदिर सुरू झाले, तेव्हा त्याच्यामागे मोठे भांडवल नव्हते. मूठभर कार्यकर्ते आणि विश्वास टाकणारे काही पालक होते. १९७७ साली विद्या भारतीच्या रूपाने त्याला अखिल भारतीय आकार आला. महाराष्ट्रातही गावोगावच्या शिक्षणसंस्था अशाच उभ्या राहिल्या. कुणी वाड्याची ओसरी दिली, कुणी निवृत्तीनंतरची वर्षे दिली. डोंबिवलीसारख्या गावाने चाकरमान्यांची वस्ती असूनही गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेची प्रथा घालून दिली आणि ती महाराष्ट्रभर पसरली. बाहेरून आलेल्या माणसांनी त्या गावाला स्वतःचे मानले म्हणूनच हे घडले.

नव्या वसाहतीत राहावयास आलेल्या कुटुंबापुढे नेमका हाच पर्याय आहे. दूरच्या शाळेच्या बसमध्ये मुलीला बसवून ते या गावात पाहुण्यासारखे राहू शकते. आणि तिचे बोट धरून पायी चालत जवळच्या शाळेत गेले, तर त्या दहा मिनिटांच्या वाटेवर कोपऱ्यावरचा वाणी भेटेल, वर्गातील मैत्रिणीची आई भेटेल, देवळाचे पुजारी काका भेटतील. चार महिन्यांत मुलगी साऱ्या गल्लीची होईल आणि तिच्यामागून आईवडीलही. गेलेला शेजार असा परत मिळतो. मोठी माणसे नव्या गावात पत्ता घेऊन येतात. त्या गावात मुळे धरतात ती मुलेच.

जून महिना दरवर्षी येतो. पुढच्या जूनपूर्वी या वसाहतीतील प्रत्येक पालकाने निदान एक सकाळ घराजवळच्या शाळेसाठी काढावी. शाळा सुटण्याच्या वेळी तिच्या फाटकापाशी अर्धा तास उभे राहावे, आत जाऊन मुख्याध्यापकांना भेटावे, पहिलीच्या बाईंना नाव विचारावे. त्यानंतर जो निर्णय होईल तो विचारपूर्वक झालेला असेल. रेल्वे स्थानकाबाहेरच्या फलकाने तो केलेला नसेल, एवढे नक्की.